ओल्या कचऱ्याचे विद्युतशास्त्र

घरगुती कचऱ्यापासून वीज दोन रीतींनी निघते: कचरा जाळून किंवा कचरा कुजवून. जाळायला तो कोरडा लागतो आणि कुजवायला निवडलेला. महाराष्ट्रातील सर्वसाधारण घरातून निघणारा कचरा जाळण्याइतका कोरडा नसतो आणि कुजवण्याइतका निवडलेलाही नसतो. या विषयातल्या बहुतेक निविदा, उद्घाटने आणि बंद पडलेली यंत्रे यांचा उगम या एवढ्याशा गोष्टीत आहे.

इंधन म्हणून कचऱ्याचे काही गुण निर्विवाद आहेत. कोळसा खाणीतून उकरून काढावा लागतो, तेल परदेशातून आणावे लागते. कचरा मात्र लोक आपण होऊन दाराबाहेर आणून ठेवतात. तो दिल्याबद्दल पैसे मागत नाहीत; उलट दोन दिवस नेला नाही तर नगरसेवकाला फोन करतात. दुष्काळ, संप किंवा युद्ध यांनी त्याचा पुरवठा आटत नाही आणि सणासुदीला तर वाढतो. पाहुणे आल्यावर साठा वाढणारे दुसरे कुठलेही इंधन पृथ्वीच्या पाठीवर नाही.

ते जाळण्याची युक्ती ब्रिटिशांची. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम शहरात आल्फ्रेड फ्रायर याच्या आराखड्यावरून कचरा जाळण्याची भट्टी बांधली गेली. तिचे नाव ‘डिस्ट्रक्टर’. वीज हा तेव्हा हेतूच नव्हता; कचरा नाहीसा झाला म्हणजे झाले. पुढे लंडनच्या शोर्डिच भागातील कारभाऱ्यांनी अशा भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करून वीजघर चालवायचे ठरवले. २८ जून १८९७ रोजी त्याचे उद्घाटन लॉर्ड केल्व्हिन यांच्या हस्ते झाले आणि इमारतीवर लॅटिन भाषेत ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’ अशा अर्थाचे ब्रीद कोरले गेले. उरलेल्या उष्णतेवर शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहाचे पाणी तापवले जाई. उष्णतेच्या शास्त्रातला हयात असलेला सर्वांत मोठा जाणकार उद्घाटनाला बोलावण्याची ही प्रथा नंतर कुठल्याच महापालिकेने चालू ठेवल्याचे दिसत नाही.

शोर्डिचच्या यशाचे कारण त्यांच्या यंत्रात कमी आणि त्यांच्या कचऱ्यात जास्त होते. लंडनचे घर शेगडीत दगडी कोळसा जाळी आणि राखेबरोबर त्याचे अर्धवट जळके तुकडेही टाकून देई. म्हणजे नागरिक कोळसा अर्धा जाळत आणि उरलेला अर्धा त्यांच्या वतीने नगरपालिका जाळी. त्याच काळातल्या मराठी घरात चुलीतला विझलेला कोळसा कुटून राखुंडी होई, तिने सगळे घर दात घासे. राखेने भांडी घासली जात. आणि त्यातूनही राख उरलीच तर ती परसातल्या अळवाला जाई. अशा घरातून नगरपालिकेच्या हाती जळण्यासारखे काही लागण्याची शक्यता तेव्हाही नव्हती.

शोर्डिचच्या इमारतीत आता सर्कशीचे शिक्षण देणारी संस्था आहे. पूर्वीच्या ज्वलनकक्षात आणि जनित्रकक्षात, ती जुनी नावे तशीच ठेवून, विद्यार्थी झुल्यावर उलट्या उड्या मारायला शिकतात. बंद पडलेल्या कचरा प्रकल्पाचा याहून चांगला उपयोग अजून कुणाला सुचलेला नाही.

भारतात कचरा जाळून वीज करण्याचा प्रयोग १९८७ मध्ये दिल्लीच्या तिमारपूर भागात झाला. डेन्मार्कची यंत्रसामग्री, रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज असा बेत होता. यंत्र चालले सुमारे तीन आठवडे. डॅनिश अभियंत्यांनी किलोमागे १,४०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता देणारा कचरा गृहीत धरला होता. दिल्लीकरांनी दिलेल्या कचऱ्याची उष्णता जेमतेम त्याच्या निम्मी भरली. तो पेटेना म्हणून वर डिझेल ओतावे लागले, आणि डिझेल जाळून कचरा वाळवण्याचे एक महागडे केंद्र देशाच्या राजधानीत तयार झाले. ते बंद करण्याचा निर्णय मात्र तांत्रिकदृष्ट्या अचूक होता.

हे का घडले ते समजण्यासाठी कचऱ्याच्या डब्यात डोकवावे लागते. शास्त्रीय ग्रंथात या क्रियेला ‘कचऱ्याचे भौतिक पृथक्करण’ म्हणतात. घरोघरी हरवलेला चमचा शोधताना ते वरचेवर घडत असते. भारतीय शहरी कचऱ्याचा साधारण निम्मा भाग खाण्यापिण्याशी संबंधित असतो आणि एकूण वजनात पाण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, पावसाळ्यात त्याहून जास्त भरते. कोथिंबिरीची देठे, मेथीच्या मुळ्या, पालकाचा चोथा, चहाचा गाळ, उसळीचे धुवण. एप्रिल-मेमध्ये कलिंगडाच्या साली येतात, त्यांचे वजन पाहून घंटागाडीवाला पाठ धरतो. त्यापाठोपाठ आंब्याच्या साली आणि कोयी. कोय ही शेवटपर्यंत चोखली जात असल्याने तिच्यात ऊर्जा किती उरते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. भाद्रपदात निर्माल्य येते, तेही पाणी शिंपडलेले.

साध्या तापमानाचे एक लिटर पाणी वाफ करून उडवायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. कलिंगडाच्या सालीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. भट्टीत साल पडली म्हणजे भट्टी सालीला तापवते, साल भट्टीला नव्हे.

आता जळणारा भाग. कोरडा कागद किलोला साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी देतो आणि पॉलिथिनची पिशवी दहा हजारांहून जास्त, म्हणजे जवळपास डिझेलइतकी. या वस्तू घरात येतात पुष्कळ, पण कचऱ्यात जात नाहीत. वर्तमानपत्र रद्दीवाल्याकडे जाते आणि त्याच्या काट्यावरचा अविश्वास हा शेजाऱ्यांशी बोलायचा कायमचा विषय राहतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, मोजून विकल्या जातात. काचेच्या बाटल्या, पुठ्ठा आणि पत्र्याचे डबे भंगारवाला नेतो. श्रीखंडाचा डबा आधी चिवड्याला लागतो, मग हरभऱ्याच्या डाळीला, मग बटणांना आणि शेवटी कढीपत्त्याच्या रोपाला. तोवर त्यातले श्रीखंड खाल्लेल्या पिढीचे लग्न झालेले असते. दुकानातून मिळालेल्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत कोंबून दारामागे टांगल्या जातात. राज्यात २०१८ पासून या पिशव्यांवर बंदी आहे. त्यामुळे घरातले सर्वांत कसदार इंधन आता दारामागे कायद्याच्या विरुद्धही आहे.

कापडाचा प्रवास याहून लांबचा. साडी जुनी झाली की बोहारीण तिच्या बदल्यात पातेले देते. बोहारणीने नाकारलेल्या साडीची गोधडी होते. बनियनचे फडके होते, फडक्याने आधी ओटा पुसतात, मग फरशी, मग स्कूटर, आणि स्कूटरनंतर जे उरते ते कचऱ्यात येते. त्यात ज्वलनशील असा भाग स्कूटरच्या ऑइलचाच असतो.

याच्याही पुढे गेलेले कागद आणि प्लॅस्टिक कचरावेचक उचलतात. पुण्यात त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते, आणि विकण्याजोग्या मालावर सभासदांचे घर चालते. इथे हसण्यासारखे काही नाही. एक खरा पेच आहे. भट्टीला जे हवे असते नेमके तेच विकले जाते. चांगला पुठ्ठा जाळून त्यातून वीज काढावी की तो पुन्हा कागदाच्या गिरणीत जावा, याचे उत्तर कचरावेचक बाईला कुठल्याही समितीपेक्षा आधी माहीत असते, कारण तिला पुठ्ठ्याचा भाव माहीत असतो. नियमही तिच्याच बाजूचा आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी, पुन्हा वापरता न येणारा आणि किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा कचरा डेपोत न टाकता ऊर्जेसाठीच वापरायला सांगितले. कलिंगडाची साल या परीक्षेत कधीच उत्तीर्ण होत नाही.

एवढी चाळण लागल्यावर भट्टीपर्यंत जे पोहोचते त्याची व्यवस्था अशी असते. कचरा एका प्रचंड काँक्रीटच्या खड्ड्यात टाकतात. वर यारी फिरत असते. तिचा लोखंडी पंजा कचरा उचलतो आणि पुन्हा तिथेच टाकतो. पाहणाऱ्याला हे निरर्थक वाटते, पण तो ढवळण्याचा आणि निथळवण्याचा प्रकार आहे. खड्ड्यात काही दिवस पडून राहिलेल्या कचऱ्यातून काळे, आंबट पाणी गळते. त्याचे शुद्धीकरण हा स्वतंत्र उद्योग आहे आणि त्याला वेगळी वीज लागते. मग कचरा हलत्या जाळीवर पसरतात. धूर किमान ८५० अंश सेल्सिअसला दोन सेकंद राहिला पाहिजे, नाहीतर डायॉक्सिन ही अत्यंत विषारी संयुगे पुरती मोडत नाहीत. उष्णतेने बाष्पकात वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने वीज. धुरात चुना आणि सक्रिय कोळसा फवारून तो कापडी पिशव्यांच्या गाळण्यांतून सोडतात. शेवटी वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकी राख उरते आणि ती टाकायला जागा शोधावी लागते. गाळण्यांतली बारीक राख घातक असल्याने तिची जागा आणखी वेगळी.

दिल्लीचाच ओखला प्रकल्प २०१२ पासून चालू आहे आणि त्याच्या शेजारच्या वसाहती तेव्हापासून राखेच्या आणि वासाच्या तक्रारी करत आहेत. कचऱ्यापासून वीज ही कल्पना सर्वांनाच पटलेली असते. फक्त ती कुणाच्या शेजारी करायची एवढाच प्रश्न उरतो. पुणेकरांचे उत्तर बरीच वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी हे होते, आणि ते त्या गावांना मान्य नव्हते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पिंपरी-चिंचवडचे. मोशीच्या कचरा डेपोत १४ मेगावॅटच्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. खर्च सुमारे ३०० कोटी, कचरा वर्षाला सुमारे अडीच लाख टन. १४ मेगावॅटचे यंत्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने फिरले तर दिवसाला ३ लाख ३६ हजार युनिट निघतात. यंत्र तसे फिरावे यासाठी कचरा आधी चाळतात आणि भट्टीला त्यातला जळणारा भागच देतात. तिमारपूरचा धडा गिरवायला ३६ वर्षे लागली, पण गिरवला गेला.

पाश्चात्त्य देशांत हेच यंत्र अधिक ऐटीत चालते. कोपनहेगनच्या आमागर बाके प्रकल्पाच्या उतरत्या छपरावर २०१९ पासून लोक स्कीइंग करतात. खाली कचरा जळतो, वर हौशी मंडळी घसरतात. डेन्मार्क आणि स्वीडन या देशांनी भट्ट्या इतक्या बांधल्या की घरचा कचरा पुरेनासा झाला आणि तो ब्रिटनसारख्या देशांतून जहाजाने मागवावा लागला. महाराष्ट्रातल्या काही नगरपालिकांना ही बातमी वाचून निर्यातीचे विचार आले असतील, पण परदेशी माल कोरडा असतो. शिवाय त्या देशांची खरी कमाई विजेत नाही. निव्वळ वीज काढायची तर कचऱ्यातल्या उष्णतेचा चौथा-पाचवा हिस्साच कामी येतो. तिकडे उरलेल्या उष्णतेने पाणी तापवून ते नळांतून घराघरांत खेळवतात आणि सगळे शहर हिवाळाभर उबदार राहते. ही सोय मोशीहून निघून ऐन मे महिन्यात निगडीच्या सदनिकांत पोहोचवायची म्हटली तर तिचे स्वागत कसे होईल, हे सांगायला उष्णतागतिकी लागत नाही.

दुसरी रीत कुजवण्याची, आणि ती मराठी स्वयंपाकघराला जास्त मानवणारी. हवाबंद टाकीत ओला कचरा टाकला की जिवाणू तो पचवतात आणि मिथेन असलेला वायू सोडतात. मुंबईला ही कल्पना नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून निघणारा वायू साठवून वापरला गेला होता. पुढे गोबरगॅस आला, आणि शेण शहरात दुर्मीळ असल्याने प्रश्न उष्ट्या-खरकट्यावर आला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरगुती वापराचे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले. त्यामागचा शोध साधा होता: जिवाणूंना शेणापेक्षा शिळा भात, कुजके कंद आणि गोडधोड जास्त आवडते. गाय जे आधीच पचवून बसली आहे त्यात जिवाणूंना फारसे काही उरत नाही. या कामाला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. त्यात कचरा गरम पाण्याबरोबर वाटून एका टाकीत अर्धवट पचवतात आणि मग मुख्य टाकीत सोडतात. अणुशास्त्रज्ञांनी बटाट्याच्या सालींवर काम करण्याइतकी ही गोष्ट अवघड आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अवघड आहे ते जिवाणूंमुळे. मिथेन तयार करणारे जिवाणू आम्लपित्ताच्या जुन्या रुग्णासारखे वागतात. लिंबाच्या साली एकदम पडल्या की टाकी आंबते आणि काम थांबते. तेलाचा तवंग चालत नाही. कांद्याची टरफले फार झालेली खपत नाहीत. करवंटी, हाडे, आंब्याची कोय आणि अंड्याचे कवच ते चाखूनही पाहत नाहीत. फिनेल पडले तर वसाहत मरते, आणि नवी बसवायला शेणकाला ओतून काही आठवडे वाट पाहावी लागते. तापमान ३५ अंशांच्या आसपास राहिले की त्यांची तब्येत खुलते. डिसेंबरात नाशिकला त्यांचे काम मंदावते. जेवण रोज, ठरावीक आणि ठरलेल्या वेळी लागते. गणपतीत दहा दिवस मोदक आणि मग एकदम उपास, असले त्यांना सोसत नाही.

आता हिशेब. शहरात माणशी दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा निघतो. चौघांच्या घरात दोन किलो, त्यात ओला एक किलो. एक टन ओल्या कचऱ्यापासून १०० घनमीटरच्या आसपास वायू मिळतो, म्हणजे एका किलोपासून १०० लिटर. एक घनमीटर वायूवर छोटे जनित्र दोन युनिटांहून कमीच वीज देते. उदारपणे दोन धरली तरी एका कुटुंबाच्या वाट्याला रोज युनिटाचा पाचवा हिस्सा येतो. एवढ्यावर ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे २२ तास जळतो. पंखा अडीच तास फिरतो. मिक्सर पाव तास चालतो, म्हणजे ज्या नारळाच्या चटणीचा चोथा कचऱ्यात गेला ती चटणी पुन्हा वाटता येते. गीझर मात्र सहा मिनिटांत ही सगळी ऊर्जा संपवतो, आणि सहा मिनिटांत फक्त घरातला सर्वांत शिस्तीचा माणूस अंघोळ करू शकतो.

दोनशे सदनिकांच्या सोसायटीत हीच बेरीज रोज ४० युनिटांपर्यंत जाते. जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे त्यावर भागू शकतात. यातून कचरा वाटणाऱ्या यंत्राची वीज, ते चालवणाऱ्या माणसाचा पगार आणि ‘तो वास आमच्याच विंगला का’ या विषयावर चालणाऱ्या सभेतल्या चहाचा खर्च वजा करायचा असतो. वायूची वीज न करता तो थेट शेगडीत जाळला तर जनित्रात वाया जाणारी जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा वाचते. ‘आरती’च्या संयंत्राने तेच केले. पण शेगडीचे उद्घाटन करता येत नाही. दिव्याचे येते.

मोठ्या प्रमाणावर, आणि एकाच प्रकारचा कचरा मिळाला तर, गणित सुधारते. म्हणून हॉटेले हा या विद्येचा आवडता आश्रयदाता आहे. मुंबईत हाजी अलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर रोज दोन टन अन्नकचऱ्याचा प्रकल्प आहे. २०२२ पासून त्याच्या विजेवर विजेच्या मोटारी चार्ज करण्याची सोय झाली. म्हणजे दक्षिण मुंबईतली गाडी कुणाच्यातरी उरलेल्या पुलावावर धावू शकते. सोलापुरात कुजवण्याच्याच पद्धतीवर तीन मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. गोव्यात साळगावचे केंद्र २०१६ पासून ओल्या कचऱ्याच्या वायूपासून वीज करते. उलट लखनौत २००३ मध्ये पाच मेगावॅटचा असाच प्रकल्प सुरू झाला आणि निवडलेला कचरा मिळेना म्हणून बंद पडला. जिवाणूंना विटांचे तुकडे, वाळू आणि चपला खायला घातल्या गेल्या. त्यांनी त्या परत केल्या.

इथे हा विषय अभियांत्रिकीतून बाहेर पडून ओट्याखालच्या दोन डब्यांशी येतो. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. २०१६ च्या नियमांत तिसराही सांगितला होता, औषधे, बॅटऱ्या, रंगाचे डबे अशा घातक वस्तूंचा, पण तो बहुतेक घरांत अजून पोहोचलेला नाही. दोन डब्यांचे तत्त्व लहान मुलालाही कळते. अडचण वस्तूंची असते. कांद्याची साल हाताला कोरडी लागते, पण ती ओला कचरा. नारळाची शेंडी कुठली? रस्सा लागलेली कागदी प्लेट? चहाच्या पुडीला आतून चांदी असते, तिचे काय? शहाळे दोन्ही डब्यांत मावत नाही, त्यामुळे त्याचा निर्णय आपोआप होतो. ते जिन्यात राहते. निर्माल्य उष्ट्याबरोबर टाकायला घरातले ज्येष्ठ तयार नसतात, म्हणून त्याची तिसरी पिशवी होते आणि ती महापालिकेच्या निर्माल्य कलशात न जाता पुलाच्या कठड्यावरून नदीत जाते. तडकलेल्या फ्रेममधला देवाचा फोटो तर कुठल्याच डब्यात बसत नाही. तो पिंपळाच्या पारावर ठेवला जातो आणि घनकचरा व्यवस्थापनाच्या बाहेर जातो.

इतके करून निवडलेला कचरा घेऊन माणूस खाली उतरतो तेव्हा घंटागाडी येते. तिला आता घंटा नसते, ध्वनिक्षेपक असतो. गाडीला मधोमध पत्र्याचा पडदा असतो, एका बाजूला ओले, दुसऱ्या बाजूला सुके. चौथ्या इमारतीपर्यंत ओल्याची बाजू भरते. पाचव्या इमारतीपासून सगळे सुक्यात. आपल्या निवडलेल्या सालींवर शेजाऱ्याचा डायपर पडताना पाहिलेला नागरिक दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा एक करतो; त्याला दोष देणे कठीण आहे. हा नागरिक सोसायटीचा चिटणीस असेल तर नोटीस बोर्डावर वर्गीकरणाची सूचना मात्र लाल अक्षरांत तशीच राहते. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर नियमांनी जादा जबाबदारी टाकली आहे. कचऱ्याचे वजन त्या आकड्याच्या जरा खाली राखण्याची सोसायट्यांची कला दाद देण्याजोगी आहे.

न निवडलेला कचरा शेवटी डेपोत जातो आणि तिथे तो आपल्या मर्जीने वागतो. भट्टीत लाख प्रयत्नांनी न पेटणारा हाच कचरा डेपोत कुणी न सांगता पेटतो. थरांखाली दबलेला ओला भाग हवेविना कुजतो, मिथेन सोडतो आणि ठिणगी मिळाली की भडकतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दोन्ही रीतींनी मिळू शकणारी ऊर्जा त्या दिवसांत एकदमच बाहेर पडली. युनिट एकही मिळाले नाही.

पैशाचे म्हणाल, तर केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये कचरा जाळून केलेल्या विजेचा दर युनिटला ७ रुपये ४ पैसे आणि चाळून तयार केलेल्या कचरा-इंधनाच्या विजेचा ७ रुपये ९० पैसे ठरवला. पुढच्याच वर्षी वितरण कंपन्यांनी ही सगळी वीज घेतलीच पाहिजे असे धोरण आले. सूर्यापासूनची वीज नंतर तीन रुपयांच्याही खाली उतरली. सूर्याला वर्गीकरण करावे लागत नाही. तेव्हा स्वस्त विजेसाठी कुणी हा उद्योग करत असेल तर तो फसलेला आहे. कचऱ्याचा ढीग कमी व्हावा, त्याला आग लागू नये, फुरसुंगीसारख्या गावांची विहीर नासू नये यासाठी हे करायचे आणि वीज मिळेल तेवढी पदरात घ्यायची, असाच त्याचा हिशेब बसतो. त्या हिशेबाने ओला कचरा भट्टीत घालण्याचा हट्ट सोडून तो शक्यतो सोसायटीत किंवा प्रभागातच कुजवावा आणि भट्टीला फक्त कुणीही विकत घेत नाही असे सुके द्यावे, हे बरे.

वाचकांपैकी ज्यांना या राष्ट्रीय कार्यात आजच भाग घ्यायचा आहे त्यांनी भाजीचा निवडा डब्यात टाकण्यापूर्वी चाळणीत निथळू द्यावा, कलिंगडाची साल पिळता येत नसल्याने निदान एक दिवस उन्हात ठेवावी, आणि डायपर हिरव्या डब्यात टाकू नये. बाकीचे अभियांत्रिकी खाते पाहून घेईल.